सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला जायचंय? तयारी अशी करा

गोल्फ नुकतं शिकलेल्या बऱ्याच जणांचा एक समज असतो. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स म्हणजे राजेरजवाड्यांचं, कुणा बड्या सभासदाच्या ओळखीशिवाय तिथं पाऊल ठेवता येत नाही, असं त्यांना वाटतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. हे मैदान सार्वजनिक आहे. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेनं गावकऱ्यांचा इथं गोल्फ खेळण्याचा हक्क लेखी मान्य झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेनं हीच जमीन ससे पाळणाऱ्यांच्या हाती दिली, तेव्हा गोल्फवाले आणि ससेवाले वर्षानुवर्षं भांडत राहिले. शेवटी 1821 साली जेम्स चीप नावाच्या जमीनदारानं जागा विकत घेऊन ती गोल्फसाठी वाचवली. 1974 पासून संसदेच्या कायद्यानं नेमलेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट इथला कारभार बघतो. पहिल्या टीमागं (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) उभी असलेली ती प्रसिद्ध दगडी इमारत मात्र रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची, म्हणजे खाजगी. तिच्या आत जाता येत नाही. पण तिच्या समोरच्या हिरवळीवर पुण्या-मुंबईच्या खेळाडूचा हक्क लंडनच्या खेळाडूइतकाच आहे.

अडचण एकच, खेळायला येणारे फार आणि वेळा थोड्या. म्हणून सहल एका ठरावीक टी-टाइमभोवती (खेळ सुरू करायच्या वेळेभोवती) आखू नका, गावात काढायच्या पाच-सहा दिवसांभोवती आखा. खालचा सगळा सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे.

पहिलं काम: हँडिकॅप

तिकिटं बघण्याआधी हँडिकॅप बघा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा. तो जितका कमी, तितका खेळ चांगला. ओल्ड कोर्सवर अधिकृत हँडिकॅप इंडेक्सचा पुरावा लागतो. पुरुष आणि स्त्रिया, दोघांसाठीही मर्यादा 36 आहे. पूर्वी पुरुषांना ती 24 होती, त्यामुळं जुनी माहिती वाचून कुणी खट्टू झाला असेल तर त्यानं पुन्हा विचार करावा. 36 ही नवशिक्यालाही गाठता येईल अशी मर्यादा आहे.

ज्यांनी ड्रायव्हिंग रेंजवर वर्षभर चेंडू मारले पण कधी स्कोअरकार्ड भरलं नाही, त्यांनी आजच क्लबच्या कचेरीत जाऊन चौकशी करावी. पूना क्लब असो, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी असो की आणखी कुठला, पुरेसे राउंड (पूर्ण फेऱ्या) खेळून सह्या केलेली कार्डं जमा केली की इंडेक्स तयार होतो. याला काही आठवडे जातात आणि ऐनवेळी घाई करून उपयोग होत नाही. आणि आकडा खरा असू द्या. ओढूनताणून कमी केलेला हँडिकॅप घेऊन तिथल्या वाऱ्यात उभं राहिलात, तर तुमच्यासोबतच्या तिघांचाही दिवस वाया जाईल.

कधी जायचं

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. माझं मत विचाराल तर मे महिना. आपल्याकडं शाळांना सुट्ट्या असतात. तिथं गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्याधमक फुलांनी भरलेली असतात आणि रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. जूनमध्ये तर दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडी मेमध्येही वाजते, ती गृहीत धरा.

टाळायच्या वेळाही आहेत. जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असतो आणि गावात खोली मिळत नाही. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, तेव्हा ओल्ड कोर्स काही दिवस इतरांना बंद असतो. आणि जुलै 2027 मध्ये ओपन ही गोल्फमधली मानाची स्पर्धा इथंच आहे. त्या उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी बंद असण्याच्या तारखा आधी तपासाव्यात. हिवाळ्यात फी बरीच उतरते, पण फेअरवेवर (टी ते होलमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू छोट्या कृत्रिम चटईवर ठेवून मारावा लागतो आणि दिवस अगदी लहान असतो. पहिल्या भेटीसाठी मी ते सुचवणार नाही.

रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतं. हा तोटा वाटतो, पण नवख्यासाठी ती पर्वणी आहे. कशी, ते पुढं सांगतो.

टी-टाइम मिळवायचे मार्ग

मार्ग चार आहेत. एक, ट्रस्टकडं आगाऊ अर्ज. पुढच्या वर्षासाठीचे अर्ज साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये घेतले जातात आणि त्यात ट्रस्टच्या दुसऱ्या एखाद्या कोर्सवरही खेळावं लागतं. दोन, अधिकृत सहल कंपन्यांचं पॅकेज. यात वेळ पक्की मिळते, पण हॉटेल आणि बाकीच्या गोष्टी जोडून किंमत खूप वाढते. तीन, रोजची सोडत. चार, एकट्या खेळाडूसाठीची सोडत.

बहुतेकांनी तिसऱ्यावर भिस्त ठेवावी. म्हाडाच्या सोडतीसारखंच हे: अर्ज करायचा, नाव लागेल न लागेल, पण अर्जच केला नाही तर नक्कीच लागणार नाही. फरक इतकाच, की इथं सोडत रोज निघते.

पद्धत अशी. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, तिथल्या घड्याळाप्रमाणं दुपारी 2 पर्यंत ऑनलाइन नाव द्यायचं. उन्हाळ्यात त्या वेळी आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. गटात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडू हवेत. प्रत्येकाचं नाव, क्लब आणि हँडिकॅप लागतो, तेव्हा हे सगळं आधीच एका जागी लिहून ठेवा. निकाल त्याच दिवशी दुपारनंतर लागतो. अर्ज करायला पैसे लागत नाहीत, नाव लागलं तरच फी भरायची. हंगामात ती तीनशे पाउंडांच्या वर जाते. आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

आता आठवडा कसा लावायचा ते बघा. रविवारी सेंट अँड्र्यूजला पोहोचा आणि शनिवारी सकाळी निघा. सोमवारसाठीची नोंद शनिवारीच करायची असते, म्हणजे तुम्ही मुंबईहून निघण्याच्या गडबडीत असाल तेव्हाच. फोनवर आठवण लावून ठेवा. मंगळवारची नोंद रविवारी, बुधवारची सोमवारी, असं शुक्रवारपर्यंत. पाच दिवसांत पाच संधी. तीन रात्रींची धावती भेट आखलीत तर हीच संख्या दोनवर येते, आणि एवढा खर्च करून दोनच संधी घेणं मला पटत नाही.

एकट्यानं जात असाल तर गटाच्या सोडतीत भाग घेता येत नाही. पूर्वी एकटे खेळाडू रात्रभर थंडीत रांगेत बसायचे, पहाटे जागा मिळेल या आशेवर. 2024 पासून ते थांबलं. आता आदल्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळात ओल्ड पॅव्हेलियन किंवा लिंक्स क्लबहाउसवर स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. संध्याकाळी सोडत निघते आणि दोघा-तिघांच्या गटात उरलेल्या जागा भरल्या जातात. गटातल्या लोकांनाही हा मार्ग उपयोगी पडतो. चौघांचं नाव सोडतीत लागलं नाही, तर दुसऱ्या दिवसासाठी प्रत्येकानं स्वतंत्र नाव द्यायला हरकत नाही. मात्र मग एकत्र खेळायचा आग्रह सोडावा लागतो.

बाकीचे दिवस रिकामे ठेवू नका

ट्रस्टची एकूण सात कोर्सेस आहेत. न्यू कोर्स नावानंच नवं, आखलंय 1895 साली ओल्ड टॉम मॉरिस या त्या काळच्या नामवंत गोल्फपटूनं. जाणते खेळाडू ज्युबिली आणि न्यू या दोन्हींना तोलामोलाचं मानतात आणि इथं वेळ आधीच आरक्षित करता येते. माझी शिफारस अशी की एक दिवस न्यू कोर्स आधी पक्कं करा. वारा कसा वाहतो, चेंडू किती पळतो, हे तिथं कळतं. आरक्षणाची वेळ दुपारची घ्या आणि ती बदलण्याचे नियम आधी वाचा, कारण त्याच दिवशी ओल्ड कोर्सला नाव लागू शकतं.

एखादा दिवस बाहेरही पडा. किनाऱ्यानं थोडं पुढं क्रेल आहे. तिथल्या गोल्फिंग सोसायटीची स्थापना 1786 ची, आणि तिच्या बाल्कोमी लिंक्स या मैदानावरून जवळपास सतत समुद्र दिसतो. दक्षिणेला ईली गावच्या कोर्सवर पहिल्या टीसमोर उंचवटा असल्यानं पुढचे खेळाडू दिसत नाहीत. म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमानं सोडणाऱ्याच्या) खोलीत पाणबुडीचा खराखुरा पेरिस्कोप बसवलाय. एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीवरचा. त्यातून बघायचं, समोर कुणी नाही ना याची खात्री करायची आणि मग मारायचं.

बरोबर न खेळणारी मंडळी असतील तर त्यांना ‘हिमालय’ नावाच्या मैदानावर न्या. समुद्राच्या बाजूला उंचसखल असं हे पटिंगचं (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचं) मैदान आहे, 1867 साली स्थापन झालेल्या महिला पटिंग क्लबचं. काही पाउंड भरून कुणीही खेळू शकतं. आजी-आजोबा, शाळकरी मुलं सगळी रमतात, आणि खेळाडूंनाही त्या लांब पटचा सराव कामी येतो.

व्हिसा, प्रवास, मुक्काम

ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा तीन महिन्यांची खिडकी उघडली की लगेच भरा.

विमानानं एडिनबराला उतरायचं, दोहा, दुबई किंवा लंडनमार्गे. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, 1969 सालीच बंद झालं. जवळचं स्टेशन लूकर्स. एडिनबराहून साधारण तासाभराचा प्रवास, वाटेत 1890 सालचा तो लाल लोखंडी फोर्थ पूल लागतो. लूकर्सहून बसनं किंवा टॅक्सीनं पंधरा मिनिटांत गाव. चौघे असाल आणि चार गोल्फ बॅगा असतील तर सरळ विमानतळावरूनच मोठी गाडी करा. रेल्वेच्या डब्यात त्या ठेवायला जागा शोधण्यात जीव जातो.

मुक्काम गावातच हवा. गाव लहान आहे, तीन मुख्य रस्ते आणि सगळं चालत. आसपासच्या गावात राहून पैसे वाचतात, पण सोडतीत सकाळी साडेसहाची वेळ लागली की धावपळ होते. जूनपासून विद्यापीठाची काही वसतिगृहं पाहुण्यांना भाड्यानं मिळतात, साधी पण स्वच्छ. मेमध्ये गेस्ट हाउस बघा.

बॅगेत काय

पावसाचा पूर्ण सूट, म्हणजे जॅकेट आणि पँट दोन्ही. छत्रीवर विसंबू नका, वारा तिला उलटी करतो आणि पाऊस आडवा येतो. पावसात पकड सुटू न देणारे हातमोजे दोन्ही हातांचे, लोकरीची टोपी, पातळ स्वेटर एकावर एक. पूर्ण वॉटरप्रूफ बूट, आणि ते इथंच दोन-चार राउंडांत वापरून मऊ केलेले असावेत, कारण ओल्ड कोर्सवर बग्गी (खेळाडूंना नेणारी छोटी गाडी) वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही. सात-आठ किलोमीटर पायी चालणं आहे.

स्वतःचे क्लब (खेळायच्या काठ्या) न्यायचे की तिथं भाड्यानं घ्यायचे? एक-दोन राउंड असतील तर भाड्याचे ठीक. चार राउंड खेळणार असाल तर स्वतःचे न्या, आणि विमान कंपनीचा क्रीडा साहित्याचा नियम तिकीट काढतानाच वाचा.

निघण्यापूर्वीचा सराव

आपल्याकडच्या कोर्सेसवर चेंडू उंच उडवून मऊ ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबवायची सवय लागते. समुद्रकाठच्या वाळूवर उगवलेल्या त्या आखूड, कडक गवतावर ती सवय नडते. उंच चेंडू वारा उचलून नेतो आणि खाली पडल्यावर तो थांबत नाही, पळत सुटतो. म्हणून महिनाभर एकच फटका घोटा: सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबनं), चेंडू मागच्या पायाजवळ ठेवून, मनगटं न मोडता, जमिनीलगत. चेंडू थोडा उडावा आणि बराचसा घरंगळावा. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस पावलांवरून पटर (चेंडू घरंगळवायचा क्लब) वापरायलाही शिका. तिथं ती पळवाट नाही, मोठमोठे खेळाडू तेच करतात. 2022 च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी कॅमेरॉन स्मिथ सतराव्या होलवर रोड बंकर नावाच्या वाळूच्या खड्ड्यामागं अडकला होता. चेंडू उंच उडवणारा वेज न काढता त्यानं पटरनं चेंडू बंकरला वळसा घालून ग्रीनवर आणला, पार वाचवला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांतच होल पूर्ण केलं, आणि स्पर्धा जिंकली.

दुसरा सराव लांब पटचा. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एका ग्रीनवर दोन होल. दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं करत आठवं आणि दहावं. जोडीची बेरीज नेहमी अठरा. फक्त पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं यांना स्वतंत्र ग्रीन आहे. ग्रीनवर पोहोचल्याच्या आनंदात बघावं तर होल शंभर फूट लांब, असं सर्रास होतं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल (अठराव्यावर पुन्हा पांढरा), एवढं लक्षात ठेवलंत तरी चुकीच्या होलकडं मारणार नाही.

रविवारची फेरी

रविवारी हे मैदान बाग होतं. लोक कुत्री फिरवतात, मुलं पळतात. खोलीवर सामान टाकून थेट इकडं या आणि शक्य तितकं मैदान चालून बघा. 112 बंकर आहेत आणि टीवरून त्यातले कितीतरी दिसतच नाहीत. चौदाव्यावरच्या हेल बंकरची भिंत किती उंच आहे ते कडेला उभं राहून कळतं. 1995 च्या ओपनमध्ये जॅक निकलॉसला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा झाले. गवताच्या थरांवर थर रचून उभ्या केलेल्या त्या भिंती बघितल्यावर एक नियम मनाशी पक्का करा: बंकरात गेलात तर झेंड्याकडं बघायचं नाही, जिकडून सहज बाहेर पडता येईल तिकडं मारायचं, बाजूला, अगदी मागंसुद्धा. बॉबी जोन्ससारखा खेळाडूही 1921 मध्ये अकराव्यावरच्या बंकरात सापडून हार मानून चेंडू उचलून मोकळा झाला होता. सहा वर्षांनी त्यानंच इथं ओपन जिंकली.

खेळायच्या दिवशी

वेळेच्या तासभर आधी पोहोचा. हँडिकॅपचा पुरावा हाताशी ठेवा. कॅडी (बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा सोबती) घ्याच, खर्च दुसरीकडं वाचवा. इथं मैदान डोळ्यांना फसवतं, आणि कुठल्या चर्चच्या शिखराच्या रोखानं मारायचं हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. कॅडी आधी नोंदवावा लागतो. त्याला आपला खरा खेळ सांगा: ड्रायव्हरनं (सर्वांत लांब मारायच्या क्लबनं) चेंडू किती लांब जातो, चेंडू कुठल्या बाजूला वळतो.

पहिल्या टीवर बघे उभे असतात आणि हात थरथरतो. पण समोरचा पट्टा अठराव्याच्या फेअरवेला जोडलेला आहे, सव्वाशे यार्डांहून रुंद. उजवीकडं हद्दीबाहेर जायचा धोका आहे, म्हणून डावीकडं, भरपूर डावीकडं. हाच नियम जवळपास साऱ्या मैदानाला लागू आहे: शंका आली की डावीकडं. ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन ओढा आहे, तेव्हा दुसऱ्या फटक्याला एक क्लब जास्त (म्हणजे चेंडू आणखी लांब नेणारा) घ्या.

समोरून वारा असला की जोर लावावासा वाटतो. लावू नका. दोन क्लब जास्त घ्या आणि सावकाश मारा. ईडन खाडीच्या टोकाशी, आठव्या ते अकराव्या होलच्या दरम्यान, मैदान वळसा घालतं आणि इतका वेळ पाठीशी असलेला वारा एकदम तोंडावर येतो. इथं अकराव्याची रेषा सातव्याला छेदते, आधी कोण कुठं आहे ते बघूनच मारा.

सतराव्यावर चेंडू हॉटेलच्या शेडच्या कोपऱ्यावरून मारायचा असतो. नवख्यानं तो हट्ट धरू नये. डावीकडून सावकाश ग्रीनच्या अलीकडं या, रोड बंकरवरून थेट झेंड्यापाशी जायचा मोह धरू नका आणि बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) घेऊन पुढं चला. 1978 मध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत याच ग्रीनवर होता. त्याचा पट घरंगळत बंकरात गेला आणि होलवर नऊ झाले. ग्रीनमागचा रस्ताही खेळाचाच भाग आहे, चेंडू डांबरावर गेला तर तिथूनच मारायचा.

अठराव्यावर स्विल्कन पुलावर फोटो जरूर काढा, पण मागचा गट उभा असतो, एकच काढा. पुढं फेअरवे आडवा ओलांडणारा ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा वहिवाटीचा रस्ता आहे. माणसं, कधी गाडी जाते, त्यांना जाऊ द्या. ग्रीनच्या पुढ्यातल्या खोलगट भागाला व्हॅली ऑफ सिन म्हणतात. आखूड पडलेला चेंडू त्यात परत येतो, म्हणून इथंही एक क्लब जास्त, नाहीतर सरळ पटर. राउंड संपल्यावर चौघांनी टोप्या काढून एकमेकांशी आणि कॅडींशी हस्तांदोलन करायची इथली रीत आहे. कॅडीची फी आणि टिप रोख द्यायची असते, तेव्हा पाउंडाच्या नोटा सकाळीच खिशात ठेवा.